ठिपकेदार मांजर : नाव बंगालचे, जन्म अमेरिकेचा, चमक दिल्लीची

गेल्या काही वर्षांत मुलांच्या मोबाइलवर एक देखणे मांजर वारंवार दिसू लागले आहे. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, लांब पाय, चमकदार कातडी. नळाच्या धारेशी खेळते, कपाटाच्या टोकावर एका उडीत चढते. त्याचे नाव ‘बेंगाल’. आमच्या वर्गातल्या मुलांना या मांजराची बरीच माहिती असते आणि किंमतही पाठ असते. पन्नास हजार, लाख, त्याहूनही वर. मग घरी हट्ट सुरू होतो, आणि पालक आम्हाला विचारतात, “सर, हे काय प्रकरण आहे? घ्यावे का?”

या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येणार नाही. त्याआधी हे मांजर कुठून आले, कसे तयार झाले, त्याचा स्वभाव काय आणि ते घरात आणणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे समजून घ्यायला हवे. यात विज्ञान आहे, कायदा आहे आणि थोडा दीनचा भागही आहे.

बंगालशी नाते किती?

नावावरून वाटते की हे मांजर कोलकात्याकडचे असावे. तसे नाही. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या जंगलांत बिबट मांजर नावाचा एक छोटा रानटी प्राणी राहतो. आकाराने घरच्या मांजराएवढा, पण अंगभर गडद ठिपके. शास्त्रज्ञांनी १७९२ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा बंगालवरून त्याला ‘बेंगालेन्सिस’ असे शास्त्रीय नाव दिले. पुढे याच रानटी मांजराचे रक्त घेऊन अमेरिकेत जी पाळीव जात तयार झाली, तिला ‘बेंगाल’ हे नाव मिळाले. म्हणजे बंगाल फक्त नावात आहे.

ही जात घडवण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील जीन मिल या बाईंना दिले जाते. १९६० च्या सुमारास तिथे रानटी बिबट मांजराची पिल्ले पाळीव प्राण्यांच्या दुकानात सर्रास विकली जात. जीन यांनी असेच एक मादी पिल्लू घेतले होते. १९६३ मध्ये त्या मादीचा घरच्या काळ्या बोक्याशी संकर झाला आणि एक ठिपकेदार पिल्लू जन्मले. पुढे घरच्या अडचणींमुळे त्यांचे हे काम बरीच वर्षे थांबले.

त्याच राज्यात डॉ. विलार्ड सेंटरवॉल एका वेगळ्या कारणासाठी असेच संकर करत होते. पाळीव मांजरांना विषाणूमुळे होणारा रक्ताचा कर्करोग रानटी बिबट मांजराला होत नाही का, आणि ही प्रतिकारशक्ती संकरित पिल्लांत उतरते का, हा त्यांचा प्रश्न होता. संशोधनातून जन्मलेल्या पिल्लांना नंतर घरे हवी होती. १९८० च्या सुमारास त्यांतली काही मादी पिल्ले जीन मिल यांच्याकडे आली आणि थांबलेले काम पुन्हा सुरू झाले.

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला बोका

या गोष्टीतला आपल्या जवळचा भाग इथून पुढे आहे. संकराच्या पहिल्या काही पिढ्यांत नर पिल्ले साधारणपणे वांझ असतात. रानटी आणि पाळीव, दोन्ही मांजरांत गुणसूत्रे ३८ च असली तरी लाखो वर्षे वेगळ्या वाटेने गेलेल्या दोन जातींचे नर वारस सहजासहजी प्रजननक्षम होत नाहीत. त्यामुळे संकरित माद्यांसाठी पाळीव बोका शोधावा लागे. तो असा हवा की ठिपके टिकतील आणि जास्त खुलतील.

१९८२ मध्ये जीन मिल पतीसह भारतात आल्या होत्या. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात वावरणारे एक साधे गल्लीतले मांजर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना दाखवले. नारिंगी झाक असलेले अंग, त्यावर गडद गोल ठिपके, आणि उन्हात सोन्याच्या भुकटीसारखी चमकणारी केसांची टोके. ना त्याला वंशावळ, ना कागदपत्रे. हा बोका अमेरिकेत गेला आणि ‘मिलवूड टोरी ऑफ दिल्ली’ या नावाने नोंदला गेला. आज बेंगाल मांजराच्या अंगावरची जी प्रसिद्ध झळाळी जाहिरातीत दाखवली जाते, तिचे मूळ या जातीचे लोक प्रामुख्याने याच दिल्लीकर बोक्यात शोधतात. इजिप्शियन माऊ या दुसऱ्या ठिपकेदार जातीच्या अमेरिकन वंशातही भारतातून नेलेल्या मांजरांचे रक्त मिसळले गेले.

आपण ज्याला ‘गल्लीतले मांजर’ म्हणून हाकलतो, त्याच्याच भावंडाने जगातल्या एका महागड्या जातीला रूप दिले, हे मुलांना जरूर सांगावे.

पुढे ‘द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन’ या संस्थेने १९८० च्या दशकात ही नवी जात नोंदवली आणि १९९१ मध्ये तिला स्पर्धेत उतरण्याची पूर्ण मान्यता दिली. त्याहून जुनी ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ मात्र रानटी रक्ताच्या मुद्द्यावर बरीच वर्षे अडून राहिली. तिने २०१६ मध्ये दार उघडले. जीन मिल २०१८ मध्ये वारल्या.

ठिपके नेमके कुणाचे?

लोक समजतात की बेंगालचे ठिपके थेट जंगलातून आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने वेगळेच चित्र दाखवले. आजच्या बेंगालमध्ये रानटी बिबट मांजराचा जनुकीय वाटा फारच थोडा, शेकड्यात तीन-चार एवढाच उरला आहे. ठिपक्यांचे रूप मुख्यतः पाळीव मांजरांत आधीपासून असलेल्या जनुकांच्या निवडीतून घडले आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने ज्यांचे ठिपके सुंदर तीच पिल्ले पुढे ठेवली, त्याचा हा परिणाम.

मूळ मुद्दा सोपा आहे. आपल्या घरच्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानटी मांजरे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले, इतकी ही सोबत जुनी आहे. त्या पूर्वजाच्या अंगावर पुसट पट्टे असतात. पट्टेरी मांजराच्या कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण दिसते ती याच वारशाची. हे पट्टे मध्येच तुटले की ठिपके होतात. एका खास जनुकात बदल झाला की पट्टे सरळ न राहता वळणावळणाचे, संगमरवरासारखे होतात. म्हणून एकाच मादीच्या वेतात एक पिल्लू पट्टेरी, एक ठिपकेदार आणि एक ढगाळ नक्षीचे निघू शकते. त्यासाठी जंगलात जावे लागत नाही.

ठिपकेदार पाळीव जाती आणखीही आहेत. ‘ऑसिकॅट’ ही १९६४ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये ॲबिसिनियन आणि सयामी मांजरांच्या संकरातून अचानक पुढे आली. दिसायला रानटी, पण तिच्यात रानटी रक्ताचा थेंब नाही. इजिप्शियन माऊ ही जात १९५० च्या दशकात नताली त्रुबेत्स्कॉय या रशियन राजकन्येने रोममध्ये सांभाळली आणि १९५६ मध्ये अमेरिकेत नेली. प्राचीन इजिप्तच्या भाषेत मांजराला ‘माऊ’ म्हणत. आपल्याकडे आजी-नानी बाळाला ‘मनीमाऊ’ दाखवतात. दोन्हीकडे मांजराने स्वतःचे नाव स्वतःच सांगितले आहे.

स्वभाव : शोभेची वस्तू नव्हे

चांगल्या बेंगालचे अंग लांब आणि स्नायुदार, केस आखूड आणि मऊ, पोट ठिपकेदार. काहींचे ठिपके नुसते गोल असतात, तर काहींचे बिबट्याप्रमाणे दोन रंगांचे. तपकिरी रंग नेहमीचा, त्याखेरीज रुपेरी आणि बर्फासारखा फिकटही असतो. वजन साधारण चार ते सात किलो, मादी हलकी.

ज्यांना मांडीवर निजणारे मांजर हवे आहे, त्यांची या जातीकडून निराशा होण्याची शक्यता अधिक. हे मांजर दिवसभर काहीतरी करत राहते. उंचावर चढते, दारे-खिडक्या उघडायला शिकते, बऱ्याच बेंगालना पाण्याचे आकर्षण असते, आवाजही मोठा. दोन खोल्यांच्या बंद फ्लॅटमध्ये, सगळे कामावर आणि शाळेत, अशा घरात ते कंटाळते. कंटाळले की गाद्या फाडते, जागोजागी लघवी करते, ओरडते. मग मालक म्हणतो, मांजर बिघडले. खरे तर त्याला काम मिळालेले नसते.

या जातीत काही आनुवंशिक आजारही आढळतात. हृदयाचा स्नायू जाड होणे, हळूहळू दृष्टी जाणे आणि रक्तपेशी लवकर नष्ट होणे, हे त्यांतले प्रमुख. शेवटच्या दोन आजारांसाठी जनुकीय चाचणी होते आणि हृदयासाठी सोनोग्राफी. लाखभर रुपये घेणाऱ्या विक्रेत्याकडे पिल्लाच्या आई-वडिलांच्या या चाचण्यांचे कागद मागावेत. कागद नसतील तर किंमत नुसत्या ठिपक्यांची आहे, असे समजावे.

खान्देशातला उन्हाळा हाही विचार करण्याजोगा विषय. पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा लांब केसांच्या पर्शियन मांजराची जी तगमग होते, ती आखूड केसांच्या बेंगालची तितकी होत नाही. तरी पत्र्याच्या छताखाली, बंद पिंजऱ्यात कोणतेच मांजर सुरक्षित नाही. मातीच्या भांड्यात गार पाणी, फरशीवर सावलीची जागा आणि दुपारी हवा खेळती, एवढे हवेच.

शेतात सापडलेले पिल्लू

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या महाराष्ट्रात खरोखरच रानटी ठिपकेदार मांजरे आहेत. त्यांतले एक जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी. आपल्याकडे त्याला वाघाटी म्हणतात. काही भागांत बिबट मांजरालाही हेच नाव आहे. पूर्ण वाढलेली ही छोटी वाघाटी जेमतेम एक ते दीड किलोची, अंगावर तांबूस गंजासारखे ठिपके. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती जगात कुठेच नाही. जंगलाबरोबरच शेतशिवारातही ती राहते, उंदीर खाते आणि उसाच्या फडात पिल्ले घालते. जुन्नर भागात ऊसतोडणीच्या वेळी अशी पिल्ले सापडल्याच्या आणि वनखात्याने ती आईकडे परत सोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

आपल्याकडेही यावल आणि अनेर धरणाची अभयारण्ये, गौताळ्याचा डोंगर, तापी-गिरणेच्या काठचे ऊस आणि केळीचे मळे आहेत. रानमांजर तर शेतात नेहमीच दिसते. अशा वेळी शेतात एकटे ठिपकेदार पिल्लू दिसले की दोन चुका होतात. एक तर ‘बिबट्याचे पिल्लू’ म्हणून गाव गोळा होते आणि त्या गर्दीत पिल्लू चिरडते. नाहीतर कुणीतरी ते खिशात घालून घरी नेते, मुलांना खेळायला देते किंवा ‘बेंगाल’ म्हणून विकायला काढते.

हे दोन्ही टाळले पाहिजे. आई पिल्लांना सोडून गेलेली नसते. ती शिकारीला गेलेली असते किंवा माणसांच्या आवाजाने लांब दडलेली असते. पिल्लाला हात न लावता मागे सरावे, तेवढ्या भागातले काम थांबवावे आणि वनखात्याला कळवावे. महाराष्ट्र वनखात्याचा मोफत क्रमांक १९२६ आहे. वाघाटी आणि बिबट मांजर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ आणि बिबट्याच्याच रांगेत. त्यांना पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणूनच कुणी कमी पैशात ‘अस्सल रानटी रक्ताचे’ पिल्लू देतो म्हणाला, तर दोनच शक्यता असतात. तो खोटे बोलत असेल तर आपले पैसे जातील, आणि खरे बोलत असेल तर आपण गुन्ह्यात सामील होऊ.

जीन मिल म्हणत की लोकांना ठिपक्यांची हौस घरच्या मांजरावर भागवता आली, तर जंगलातल्या प्राण्यांच्या कातड्याची आणि पिल्लांची मागणी घटेल. हेतू चांगलाच होता. पण हौस भागते तशी वाढतेही. आपल्या घरातली हौस कुठे नेऊन ठेवायची, हे आपल्याच हातात आहे.

दीन काय सांगतो

मांजराविषयी आपल्या घरांत आपुलकी आहे ती उगीच नाही. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आपल्यापर्यंत आल्या, ते हजरत अबू हुरैरा (रजि.) आपल्या छोट्या मांजरामुळेच त्या नावाने ओळखले गेले. हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. वुजूचे पाणी ठेवले असता मांजर आले, तर त्यांनी भांडे कलते करून त्याला पिऊ दिले. सून कबशा आश्चर्याने पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली की मांजर नापाक नाही, ते घरात तुमच्याभोवती फिरणाऱ्यांपैकी आहे.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊही घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या शोधून खायला मोकळेही सोडले नाही. त्यापायी ती अजाबाची धनी झाली. महागडे मांजर आणून पिंजऱ्यात ठेवणाऱ्या प्रत्येकाने या हदीसचा विचार करावा.

खरेदी-विक्रीबाबत मात्र उलमांत दोन मते आहेत. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून मांजराच्या किमतीस मनाई आल्याने काहींनी विक्री नाजायज मानली. बहुसंख्य फुकहांनी पाळीव मांजराची विक्री जायज ठरवून त्या मनाईचे वेगळे अर्थ लावले. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी आधी आपल्या आलिमांना विचारावे. प्रेषितांनी मांजराची झोप मोडू नये म्हणून बाही कापली, ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट हदीसच्या ग्रंथांत नाही, हेही मुलांना सांगितलेले बरे. ज्या खऱ्या हदीस आहेत त्या पुरेशा आहेत.

घरात मांजर असेल तर

जात कोणतीही असो, काही गोष्टी प्रत्येक घराने पाळाव्यात. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की पशुवैद्याकडे नेऊन लसी सुरू कराव्यात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. अनोळखी मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. हळद, चुना, मिरची लावत बसू नये.

ताप उतरवायची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडीचे औषधही मांजराला विषारी ठरू शकते. कांदा-लसूण घातलेले सालन देऊ नये. बकरी ईदच्या दिवसांत शिजलेली हाडे टाकण्याचा मोह होतो, पण ती घशात, आतड्यात अडकतात. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, वाटीत पाणीच ठेवावे. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर मांजराची विष्ठा दुसऱ्या कुणीतरी, रोजच्या रोज साफ करावी.

नसबंदीबद्दल लोक विचारतात. एक मादी वर्षात दोन-तीनदा वेते. त्यातली किती पिल्ले रस्त्यावर गाडीखाली जातात ते आपण रोज पाहतो. याचाही सल्ला पशुवैद्य आणि आलिम दोघांकडून घ्यावा, पण पिल्ले पोत्यात घालून नदीकाठी सोडणे हा कोणत्याच मतात उपाय नाही.

मग घ्यावे की नाही?

आम्ही पालकांना चार प्रश्न विचारतो. घरात दिवसा कुणी असते का? चढायला, पळायला सुरक्षित जागा आहे का? पिल्लाच्या किमतीनंतर लस, खाणे, आजारपण यांचा पंधरा वर्षांचा खर्च झेपेल का? आणि मुलाचा उत्साह ओसरल्यावर त्याची निगा कोण राखणार? हे शेवटचे काम बहुधा घरातल्या आईच्या अंगावर पडते, म्हणून निर्णयात तिचा शब्द शेवटचा असावा.

चारही उत्तरे ठाम असतील, कागद असतील आणि आलिमांकडून समाधान झाले असेल, तर बेंगाल सुंदर आणि हुशार प्राणी आहे. नसतील, तर मुलाला घेऊन मोहल्ल्यातच एक फेरी मारावी. मटणाच्या दुकानापुढे, मस्जिदच्या जिन्याखाली, कापसाच्या गोदामात. पाच-सहा मांजरांत एखादे तरी ठिपकेदार सापडते. आमच्या शाळेच्या भिंतीवर बसणाऱ्या मांजरीच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत ठिपक्यांच्या रांगा आहेत, आणि सकाळच्या उन्हात तिचे केस चमकतात. तिला कुणी विकत घेतलेले नाही. सहावीची मुले आळीपाळीने डब्यातली पोळी आणतात, आणि पाण्याचे भांडे भरण्याची पाळी कुणाची, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असते.